बादलीची कडी

सर माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचेच नाहीत. नजर थेट गुडघ्यावर जायची आणि तिथलं काम आटोपलं की मग सवडीने वर चेहऱ्यापर्यंत यायची. एकदा पार्किंगमध्ये एका सुटाबुटातल्या गृहस्थांनी त्यांना हात केला. "डॉक्टर, ओळखलंत का?" सर दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "जरा चालून दाखवा." ते गृहस्थ बिचारे भर उन्हात गाड्यांच्या रांगेतून चालत गेले आणि परत आले. सरांनी क्षणभर डोळे मिटले. "हां! डावा गुडघा, गादीला मागच्या बाजूला आडवी चीर, दोन वर्षांपूर्वी. आता काय म्हणतोय?" गृहस्थ इतके खूश झाले की त्यांनी सरांना मिठीच मारली. त्यांचं नाव मात्र सरांना गाडीत बसेपर्यंत आठवलं नाही.

आमच्या सेंटरमध्ये सगळे त्यांना 'गुडघेवाले सर' म्हणायचे. मूळचे मिरजेचे, रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे एमआरआयचे फोटो वाचून रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर. मी रेहाना, रत्नागिरीची, त्यांच्या हाताखालची टेक्निशियन. पेशंटला मशीनमध्ये झोपवायचं, हलू नका म्हणून दहादा बजावायचं आणि फोटो काढून सरांकडे पाठवायचे, एवढं माझं काम. फोटोत काय दिसतंय हे टेक्निशियनने विचारायचं नसतं. सरांनी मला विचारू दिलं आणि पुढे पुढे तर मी विचारलं नाही की रागवायला लागले. दुबईत बारा वर्षं काढली मी. "तुला काय दिसतं?" असं मला विचारणारा माणूस तिथे हा एकच भेटला.

रिपोर्ट लिहायला बसले की सर स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यावर एक पिवळी चिकट चिठ्ठी लावायचे. त्या कोपऱ्यात पेशंटचं नाव, वय आणि कंपनी लिहिलेली असते. "नाव कळलं की डोळा बिघडतो," असं ते म्हणायचे. "शेख आला की आपण जास्त बघतो, मजूर आला की कमी. त्यापेक्षा झाकून टाकावं. गुडघ्याला कंपनी नसते." त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मीच स्टोअरमधून आणून द्यायचे, आणि प्रत्येक वेळी मला उगाचच अभिमान वाटायचा. घरी नवऱ्याला मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की तो म्हणायला लागला, "यल्ला, चल, आता तू पण डोक्याला चिठ्ठी लावून फिर."

शिकवायची त्यांची तऱ्हाही न्यारी होती. गुडघ्याच्या आतली गादी कधी कधी लांबीला फाटते आणि फाटलेला भाग उलटून सांध्याच्या मध्ये येऊन अडकतो. मला ते काही केल्या समजेना. सर उठले, सफाईवाल्या बाईची लाल प्लास्टिकची बादली उचलून आणली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. रिपोर्टांवर पाणी सांडलं, त्याचं त्यांना काही नाही. "ही कडी बघ. आता काठावर पडलीये. ही उचलून मध्ये आणली," असं म्हणत त्यांनी कडी उभी केली, "की झालं. माणसाचा पाय सरळ होत नाही. बादलीची कडी! आणि शेजारचं हाड बघायचं. मुका मार लागलेलं हाड फोटोत पांढरं दिसतं. पांढरं दिसलं की समजायचं, हा माणूस पडलाय. माणूस खोटं बोलेल, हाड नाही बोलणार." त्यानंतर सफाईवाली बाई आठवडाभर आपली बादली लपवून ठेवायची.

त्यांच्या खणात भडंगाचा डबा असायचा. मिरजेहून कोणी आलं की पहिल्यांदा डब्याची चौकशी, मग माणसाची. एखादा फोटो मी बरोबर वाचला की मूठभर भडंग मिळायचं, चुकला की ते समोर बसून एकटेच खायचे. माझी अम्मी आमच्याकडे आली होती, तेव्हा तिला नमाजला खाली बसता येईना. सर डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी आले आणि चक्क फरशीवर मांडी घालून तिचा गुडघा हातात घेऊन बसले. "खुर्चीवर बसून नमाज पढा, अम्मी. अल्ला गुडघ्याचे फोटो मागत नाही," असं ते म्हणाले आणि अम्मी पदर तोंडाला लावून हसली. ती अजूनही फोनवर आधी त्यांचीच खुशाली विचारते. हे सगळं खरं आहे, आणि हे खरं आहे म्हणूनच पुढचं सांगताना माझा आवाज चढतो.

मशीनला गुडघे शिकवायचं काम आमच्या सेंटरने काढलं, तेव्हा सरांनी माझं नाव पुढे केलं. डीप लर्निंग म्हणतात त्याला. कॉम्प्युटरला हजारो गुडघ्यांचे फोटो दाखवायचे आणि प्रत्येकाखाली खरं उत्तर लिहून द्यायचं. ठीक, झीज किंवा ताजी इजा. पुरेसं बघून झालं की तो स्वतःच फरक ओळखायला लागतो. इंजिनिअर जॉर्ज केरळचा होता, त्याला गुडघ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला कॉम्प्युटरमधलं कळत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून तीन वर्षं खपून ते उभं केलं. खरं उत्तर म्हणून आम्ही काय दिलं असेल? सरांचे जुने रिपोर्ट. सरांनी सही केलेला शब्द म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ होती. "मशीन तुमच्यासारखं बघायला शिकतंय, सर," असं मी त्यांना सांगायचे. ते चष्मा पुसत म्हणायचे, "बघू या."

आमची दुसरी शाखा अल क्वोजला होती. तिथे एमआरआयचं जुनं मशीन होतं, आणि तिथे यायचे ते कंपन्यांनी पाठवलेले कामगार. एका शब्दावर त्यांचं सगळं अवलंबून असायचं. रिपोर्टमध्ये 'इजा' आलं की अपघात कामावर झाला, उपचार कंपनीच्या गळ्यात. 'झीज' आलं की तो तुझ्या शरीराचा दोष, तुझं तू बघ. हे मला माहीत होतं. त्या कंपन्यांच्या कंत्राटावरच ती शाखा चालते, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी होत्या आणि त्यांची गाठ घालावी असं मला कधी सुचलं नाही.

दिलावर म्हसळ्याकडचा. टाइल्स बसवायचा, म्हणजे दिवसभर गुडघ्यांवरच काम. फळकुटावरून टाइल्सच्या खोक्यासकट खाली पडला आणि उजवा पाय वाकला तो सरळच होईना. माझी ड्युटी दोन्ही शाखांत लागायची, त्या दिवशी मी अल क्वोजला होते. माझी बोली ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. "आपा, तुमी आपल्याकडच्या? मग बघा हां नीट. पाय गेला तर टाइल्स कोण बसवून घेईल माज्याकडून?" मी त्याला झोपवलं, फोटो घेतले आणि स्क्रीनवर बघितलं. सांध्याच्या बरोबर मध्ये कडी आडवी पडली होती. हाडावर पांढरा डाग. बादली समोर ठेवून शिकवलेलं सगळं जसंच्या तसं.

आम्ही शिकवलेलं मशीन तेव्हा नुकतंच कामाला लागलं होतं. त्याचं मत स्क्रीनवर आधी यायचं, मग सर फोटो बघून सही करायचे. मशीनने लिहिलं, झीज. सरांनीही झीज लिहून सही केली. मी धावत फोन लावला. "सर, त्या उजव्या गुडघ्यात कडी दिसते ना?" पलीकडून शांत आवाज आला, "कडीबिडी काही नाही, रेहाना. जुनी झीज आहे. आणि मशीनही तेच म्हणतंय की. तूच शिकवलंयस ना त्याला?" मी हसले. खरंच, हसले. आपलंच चुकलं असं समजून बाहेर आले आणि दिलावरला माझ्या तोंडाने सांगितलं, "काही नाही रे, झीज आहे. इन्शाल्ला बरं होईल." त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. महिन्याभरात कंपनीने त्याला कामाला निरुपयोगी ठरवून घरी पाठवलं.

दोन महिन्यांनी जॉर्ज लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. मशीन फोटोत नेमकं कुठे बघून उत्तर देतं, ते रंगवून दाखवायची एक सोय असते. जिथे जास्त बघतं तिथे लाल. मरीनाच्या बाजूच्या आमच्या मोठ्या सेंटरमधले फोटो छान होते, लाल रंग बरोबर गादीवर. अल क्वोजच्या फोटोंमध्ये लाल रंग पार उजव्या कडेला. तिथे त्या जुन्या एमआरआय मशीनमधल्या बिघाडामुळे प्रत्येक फोटोत एक बारीक ठिपक्यांची रेघ यायची, पँटच्या चेनसारखी. "मॅडम, ये तो घुटना देख ही नहीं रहा," जॉर्ज म्हणाला. "ये सिर्फ लाइन देखता है. लाइन है तो झीज. खलास." आम्ही दिलेल्या उत्तरांत चेनवाला फोटो आणि झीज ही जोडी इतक्यांदा आली होती, की गुडघा बघायची त्याला गरजच उरली नव्हती.

मी घरी गेले तेव्हा माझा चेहराच उतरला असणार. झोया, माझी बारा वर्षांची लेक, मागेच लागली. तिला सोपं करून सांगितलं. ती सीरियल खाता खाता म्हणाली, "सो द मशीन इज नॉट डम्ब, ममा. इट्स जस्ट कॉपीइंग सर." मी तिला ओरडले. इतकी ओरडले की नवरा आतून बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी अल क्वोजचे जुने फोटो काढून बसले. मीही कोपऱ्यावर पिवळी चिठ्ठी लावली आणि त्याच क्षणी हात थांबला. चिठ्ठी लावून काय उपयोग? कडेची चेन तर उघडीच होती. फोटो समोर आला की हा कामगाराचा गुडघा आहे, हे सरांना नाव न वाचता लांबून कळत होतं. एकामागून एक फोटो उघडत गेले. पांढरं हाड, खाली झीज. पांढरं हाड, खाली झीज. माणूस पडलाय असं हाड ओरडून सांगत होतं आणि खाली माझ्या गुरूची सही होती. ज्या शब्दांवर मी तीन वर्षं मशीनला शिकवलं, ते शब्दच खोटे होते, आणि मी काम करत असताना हा माणूस शेजारी बसून मला भडंग देत होता.

त्यांच्या खोलीत गेले, सगळे फोटो समोर ठेवले. सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. मग म्हणाले, "वय झालं, रेहाना. डोळे थकलेत. त्या जुन्या मशीनचे फोटो आधीच पुसट, त्यात माझी नजर. चुकलं असेल." आणि मी, जी भांडायला गेले होते, ती त्यांच्यासाठी चहा आणायला उठले. थकलेले डोळे! मला हवं होतं तेच कारण मिळालं. कंत्राटाचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी त्याला दाराबाहेर उभं केलं.

त्याच संध्याकाळी दिलावरला फोन केला. झीज नाही, गादी फाटलीये, लगेच हाडांच्या डॉक्टरकडे जा, असं सांगून फोटो पाठवून दिले. तो म्हणाला, "पण आपा, आता कसं कळलं?" सरांचं नाव खराब होऊ नये म्हणून मी म्हणाले, "सरांनीच पुन्हा बघितलं. त्यांच्याच लक्षात आलं." माझ्या जिभेला हाडच नसावं असं ते खोटं सरळ निघालं. महाडच्या डॉक्टरने ऑपरेशन केलं. वेळेत आला असता तर शिवता आलं असतं, आता फाटलेला तुकडा काढून टाकावा लागला, असं त्याने सांगितलं. दिलावर चालतो, पण उकिडवं बसता येत नाही. टाइल्सचं काम संपलं. आता चुलत भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात स्टुलावर बसून इतरांना टाइल्स विकतो.

सर निवृत्त होऊन कायमचे मिरजेला निघाले, त्याच आठवड्यात म्हसळ्याहून कोणीतरी माझ्याकडे एक पिशवी आणून दिली. आमसुलं, घरच्या काजूगरांची पुडी आणि दिलावरचा निरोप, सरांना द्या, त्यांनी पुन्हा बघितलं म्हणून पाय वाचला. केक कापून झाला, भाषणं झाली. 'सरांची पट्टशिष्या' म्हणून मलाही बोलायला उभं केलं, पण मला दोन वाक्यांपलीकडे बोलवेना. लोकांना वाटलं, गहिवरली. मग खोलीत ते एकटेच खण आवरत असताना मी पिशवी घेऊन गेले.

"दिलावरने पाठवलंय," मी म्हणाले. "अल क्वोजचा. टाइल्सवाला."

सरांनी क्षणभर डोळे मिटले, त्या दिवशी पार्किंगमध्ये मिटले होते तसे. आणि चेहरा उजळला. "हां! उजवा गुडघा. बादलीची कडी. काय सुरेख दिसत होती!"

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं. डोळे उघडले तेव्हा ते पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"दिसत होती?" मी विचारलं.

"बस, रेहाना."

"डोळे थकले होते ना तुमचे?"

ते खणातल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उगाचच नीट करत राहिले. "इजा लिहीत बसलो असतो तर कंपन्या दुसरीकडे गेल्या असत्या. ती शाखा सहा महिन्यांत बंद. पंधरा माणसं घरी. त्यात तूही."

"मग मला सांगायचं होतंत. मशीनला शिकवत होते तेव्हा तरी! तीन वर्षं, सर. तीन वर्षं मी तुमचा शब्द खरा म्हणून लिहीत होते."

"तू इतक्या विश्वासाने बघायचीस," ते म्हणाले. "सांगवलं नाही."

"आणि ते थकलेले डोळे?"

"तू तेच ऐकायला आली होतीस."

मला त्यांच्यावर हात उचलावासा वाटला, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. पिशवी टेबलावर ठेवून बाहेर आले. संध्याकाळी सफाईवाली बाई ती घेऊन माझ्याकडे आली, सर विसरून गेले म्हणून. आमसुलं मी अजून वापरलेली नाहीत.

अल क्वोजचे फोटो मशीनमधून काढून टाका, बाकीचं चालू ठेवा, असं वरून सांगण्यात आलं. ते जुने रिपोर्ट तपासा, त्या माणसांना कळवा, असं मी लिहून दिलं, तर माझंच नाव कामातून काढलं. मी राजीनामा दिला. आता रास अल खैमाला एका लहान सेंटरमध्ये आहे. आसपास सिरॅमिकचे कारखाने, त्यामुळे गुडघे भरपूर. इथले तरुण डॉक्टर रिपोर्ट लिहायला बसले की मी त्यांना आधी विचारायला लावते, माणूस पडलाय का. समोरून कोणी आलं की माझीही नजर आधी गुडघ्यावर जाते, तोंडाकडे नंतर. हे डोळे त्यांनी दिलेले आहेत आणि ते परत करायची सोय नाही.

दिलावरचा दर ईदला मेसेज येतो. "ईद मुबारक आपा. सरांना सलाम सांगा." दोन ईद मी "सांगते" असं लिहिलं. या ईदला मात्र लिहून टाकलं की, दिलावर, सरांना सलाम नको. त्यांना त्या दिवशीच दिसलं होतं, दिसूनही त्यांनी झीज लिहिली. पाठवलं आणि बरं वाटलं. सर्वांत जास्त फसवणूक माझी झाली, असंच मी इतके दिवस धरून चालले होते.

तासाभराने त्याचं उत्तर आलं. "आपा, त्या दिवशी फोटो तुमीच काढला होता. तुमाला पण दिसलं होतं का?"

त्याला एका शब्दाचं उत्तर आहे. ते मी अजून पाठवलेलं नाही.